प्रश्न नानांचेच होते

"या कार्यक्रमातील सर्व प्रश्न गुरुजींच्या सिद्धहस्त लेखणीतून उतरलेले होते. नाना हे त्या प्रश्नांना लाभलेले एक रांगडे, विनोदी निवेदक होते. 'तिच्या हातचे असे काय आहे, जे तुम्हांला अद्याप साधत नाही?' हा प्रश्न तर गुरुजींच्या प्रतिभेचा कळसच म्हणावा लागेल."

आमच्या रेडिओ केंद्राच्या स्मरणिकेत, पृष्ठ अकरावर, हा मजकूर छापून आला आहे. त्यातील गुरुजी म्हणजे मी. वाक्ये तीन आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. गौरवाचा मजकूर कसा लिहितात आणि तो लिहिताना चौकशी किती कमी करावी लागते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. लेख ज्यांनी लिहिला ते केंद्राचे सध्याचे प्रमुख आहेत. ते दोन वर्षांपूर्वी रुजू झाले. नानांचे ध्वनिमुद्रण चालू असताना त्या खोलीत ते एकदाही बसलेले नाहीत. माझ्याविषयी त्यांना आदर आहे, हे मी जाणतो. परंतु आदरापोटी केलेली चूकही चूकच असते.

प्रकरण एवढ्यावर थांबले असते तर दोन दिवस चिडून मी गप्प बसलो असतो. पण पुढच्या महिन्यात केंद्र मुलाखतींच्या त्या कार्यक्रमाचे निवडक चाळीस भाग इंटरनेटवर कायमचे ठेवणार आहे. प्रत्येक भागाखाली 'लेखन' या शब्दापुढे माझे नाव येईल आणि 'निवेदन' या शब्दापुढे नानांचे. त्यासाठीचा संमतीचा कागद माझ्या टेबलावर पडलेला आहे. माझी सही तेवढी राहिली आहे. नाना गेल्या वर्षी गेले. त्यांना आता कोणी काही विचारू शकत नाही.

स्मरणिका निघाल्यानंतर चौथ्या दिवशी नानांची मुलगी टेमघरला माझ्याकडे आली. ती बँकेत नोकरी करते आणि बापाच्या अगदी उलट, मोजके बोलते. मी केलेला चहा तिने तक्रार न करता संपवला, पिशवीतून स्मरणिका काढली आणि ते पान उघडून माझ्यासमोर ठेवले.

"गुरुजी, मी भांडायला नाही आले. एवढंच विचारायचंय. बाबा नुसतं वाचून दाखवायचे का?"

मी नाही म्हणालो.

"मग तसं लिहून द्या. मी बोलले तर लोक म्हणतील, मुलगी आहे, असंच बोलणार. गावात आधीच सगळे म्हणतात की नाना म्हणजे करमणूक होती."

म्हणून लिहून देत आहे. नानांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. केंद्रात, गावात आणि निजामपुऱ्याच्या गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ते कोण हे ठाऊक आहे.

पहिले खोटे सुरुवातीचेच. स्मरणिकेत पुढे असेही म्हटले आहे की, नानांसारखे रत्न मी 'शोधून काढले'. मी कोणालाही शोधून काढलेले नाही. नाना माझ्याशी भांडायला आले होते.

आमचे केंद्र भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. शक्ती इतकी बेताची की पडघ्याच्या अलीकडेच आवाज खरखरू लागतो. त्या केंद्रावरून मी दर आठवड्याला जगाविषयी एक भाषण देत असे. भाषा उत्तम, माहिती चोख, श्रोते थोडे. एकदा मी उत्तर ध्रुवाकडच्या वितळत्या बर्फावर वीस मिनिटे बोललो. दुसऱ्या दिवशी साठी उलटलेले एक गृहस्थ जिना चढून आले. अंगात पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि पायात साध्या रबरी चपला. खाडीकाठच्या आगरी घरातले, ज्यांच्या जमिनीवर गोदामे उभी राहिली आहेत असे गृहस्थ; पण साखळी सोडली तर त्या संपत्तीची खूण अंगावर कुठेही नव्हती.

"बरफाचं तुमीच बोल्लाव का?" त्यांनी विचारले.

मी होकार दिला. कौतुक ऐकण्याची माझी तयारी झाली होती.

"बरफ किती, कवा वितलला, समदं सांगितलं. पन तिथं मानसं ऱ्हातात ना? ती जेवतात काय, ते न्हाय सांगितलं."

मी म्हणालो की तो विषयाचा भाग नव्हता.

"मंग तुमचा विषयच अर्धा हाय," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

ते दोन तास उठले नाहीत. तेव्हाच्या केंद्रप्रमुख बाई हे सारे दारातून ऐकत होत्या. त्यांनी नानांना विचारले, हेच तुम्ही माईकसमोर विचाराल का? नाना म्हणाले, इच्यारीन, पण बर्फातला माणूस आणून द्या. बर्फातला माणूस आम्हांला मिळाला नाही. शेवटपर्यंत मिळाला नाही. नाना मधूनमधून, आपण उसना दिलेला विळा मागावा तशा सुरात, त्याची आठवण करून देत.

मग पाहुणे आले कोठून, याविषयीही दंतकथा आहेत. नानांचा पुतण्या सांगतो की ते आवाज बदलून बोलणारे स्थानिक कलाकार होते. कोणी म्हणते, वकिलातींना मी इंग्रजीत पत्रे लिहिली. मी वकिलातींना तीन पत्रे लिहिली हे खरे. एकाचेही उत्तर आले नाही हेही खरे. पाहुणे मिळाले ते आपांमुळे. आपा म्हणजे केंद्राचे ध्वनिमुद्रणाचे यंत्र सांभाळणाऱ्या निजामपुऱ्यातल्या बाई. त्या मोहल्ल्यात घराघरातले कोणी ना कोणी आखातात, आफ्रिकेत नाहीतर जहाजावर असते, आणि आपांना ती सारी घरे पाठ. त्यांनी आधी आपल्याच माणसांचे नंबर काढले. नानांनी ते नाकारले.

"आपला मानूस मना काय सांगनार? त्याच्या शेजारच्या खाटेवर कोन झोपतो, त्याला द्या फोन."

हीच नानांची पद्धत. भिवंडीचा मुलगा कतारमध्ये असेल तर पाहुणा त्याच्या मेसमधला केनियाचा आचारी. मुलगा जहाजावर असेल तर पाहुणा त्याच्या केबिनमधला फिलिपिनी वेल्डर. आपला मुलगा मध्ये दुभाषा. नाना आगरी बोलीत विचारणार, मुलगा ते मोडक्या इंग्रजीत नाहीतर अरबीत पोहोचवणार आणि उत्तर भिवंडीच्या हिंदीत परत आणणार. कोणत्याही विद्यापीठाने या व्यवस्थेला मान्यता दिली नसती. मीही दिली नव्हती. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आपण परदेशी रेडिओवर मुलाखत देतो आहोत असे वाटतच नसे. मित्राच्या गावचा कोणी काका चौकशी करतो आहे असे त्याला वाटे, आणि तो बोलू लागे.

ध्वनिमुद्रण फक्त शुक्रवारी. निजामपुऱ्यात यंत्रमाग चालू असताना माईक उघडणे म्हणजे पावसात पापड वाळत घालणे. शुक्रवारी माग बंद असतात. मग गल्लीतली कबुतरे आणि घासायला काढलेली भांडी ऐकू येतात. नानांचे सारे जग त्या एका सकाळीच बोलत असे.

आणि त्या सकाळी नाना तीन पुडांचा डबा घेऊन येत. पाहुण्याला आठवडाभर आधी विचारून ठेवलेले असे की तुमच्या घरी आज, म्हणजे सणाला नव्हे, रोजच्या दिवशी काय शिजते. तो पदार्थ नाना स्वतः, बाजारात मिळेल त्या सामानातून शिजवत आणि तो खात खात मुलाखत घेत. मलाही खावे लागे. एक पूड माझ्या पत्नीसाठी निराळे बांधलेले असे. "वयनींना द्या आनि काय कमी हाय ते इच्यारा." ती सांगे, आंबट कमी आहे, किंवा हे लसणीशिवाय केले असेल तर चांगले लागेल, आणि मी तो निरोप पुढच्या शुक्रवारी पोहोचवी. नाना तो निरोप पाहुण्याला पुन्हा फोन लावून कळवीत. माझ्या पत्नीने अशा रीतीने तीन खंडांतल्या स्वयंपाकात सुधारणा सुचवल्या आणि घराबाहेर त्याचा कधी उच्चारही केला नाही.

चघळण्याचा आवाज माईकमध्ये येतो, अशी आपांची तक्रार होती. "नाना, रेकॉर्डिंग में मुँह का आवाज़ आ रहा है, बाद में खाओ ना." नाना त्यांच्याशी त्यांच्या समजुतीच्या हिंदीत बोलत: "आने दो आपा. खाते टाइम मानूस झूट नाय बोलता."

केनियाच्या आचाऱ्याचा भाग ज्यांनी ऐकला ते सर्व नानांना विनोदी म्हणतात, म्हणून त्याचा निकाल येथेच लावतो. त्या आचाऱ्याने घरचे जेवण म्हणून उगाली सांगितली होती: पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. नानांनी तो केला. मुलाखतीत दोघांचे एकेका तपशिलावर एकमत होत गेले. पांढरा? पांढरा. हाताने तोडायचा? हातानेच. मासळीबरोबर? हो, मासळीबरोबर. दहा मिनिटे दोन खंडांचा असा अपूर्व मिलाफ चालू होता. शेवटी आचाऱ्याने सहज विचारले की भिवंडीला पांढरा मका मिळतो का? नाना थबकले. आगऱ्याच्या घरी पीठ म्हणजे तांदळाचेच. पीठ दुसऱ्या कशाचे असू शकते ही शंका त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती. तिकडे तो आचारी हसत सुटला, आपला मुलगा हसत सुटला, आपांनी तोंडावर ओढणी धरली. मी गंभीरपणे सुचवले की हा भाग कापावा.

"चूक ऱ्हाऊ द्या, गुरुजी. मी चुकलो म्हनून तर तो हसला. त्याचे आधी तो नुसता उत्तरं देत व्हता."

या वाक्यात मुलाखतशास्त्राचा एक धडा आहे. तो मला साठी उलटल्यावर मिळाला. विनोदी निवेदक असे धडे देत नाहीत.

आता माझ्या लेखणीविषयी. मी प्रश्न लिहीत नव्हतो असे मी म्हणत नाही. खोट्याशी लढताना आपण स्वतः खोटे बोलू नये. मी दर आठवड्याला आठ प्रश्न लिहीत असे. क्रमांक घालून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. नाना तो कागद दोन्ही हातांनी घेत, संपूर्ण वाचत, "चांगले हायत, गुरुजी" म्हणत, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि माईक सुरू होताच विचारत, "आज काय जेवलाव?" दुसरा प्रश्न ठरलेला: "तुमचेकडं मीठ कुठनं येतं?" तिसऱ्यापासून पुढे काय येईल ते नानांनाही ठाऊक नसे. कारण तो प्रश्न पाहुण्याच्या उत्तरातून निघायचा.

मिठाचा प्रश्न मला पोरकट वाटे. नानांचे वाडवडील स्वतःच्या मिठागरावर राबलेले. तेव्हा म्हाताऱ्याची एक खोड म्हणून मी ते सोडून देई. पण एका माणसाच्या घरी मीठ उंटावरून येत होते आणि एकाच्या घरी खाणीतून. त्या फिलिपिनी वेल्डरचा आजा समुद्राच्या पाण्यात नारळाची सोडणे, म्हणजे वरची साले, महिनोन्महिने भिजवून, ती जाळून, त्या राखेतून मीठ काढीत असे. नानांनी खाडीवर तो प्रयोग केला आणि त्यांना फक्त राख मिळाली. वेल्डरने फोनवरून त्यांना शिकवण्याचा प्रयत्न केला. त्या निमित्ताने तो आपल्या आजाविषयी जे बोलला, ते माझ्या आठपैकी कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात बसले नसते.

माझ्या प्रश्नांची एकदा परीक्षाही झाली आहे. त्या शुक्रवारी नाना तापाने घरी होते आणि पाहुणा फोनवर ताटकळत होता. एका मोठ्या बंदरातला क्रेन चालवणारा. मी माईकसमोर बसलो आणि माझे आठही प्रश्न क्रमाने विचारले. पहिला जागतिकीकरणाच्या सांस्कृतिक परिणामांविषयी होता. माणूस सभ्य होता. तो "होय" म्हणाला, "नाही" म्हणाला आणि दोनदा "सांगता येत नाही" म्हणाला. मुलाखत अकरा मिनिटांत आटोपली. रविवारी ती प्रसारित झाली. ती ऐकून झाल्यावर माझी पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचे प्रश्न परीक्षेतले वाटतात. नानांचे शेजारच्यासारखे असतात." त्या दिवशी मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. इंटरनेटवर जाणाऱ्या चाळीस निवडक भागांत तो भाग नाही, एवढी निवड मात्र त्यांनी अचूक केली आहे.

करमणुकीचा शिक्का नानांवर बसला तो खरे तर गाण्यामुळे. एकदा पाहुणी होती एक वयस्कर बाई. आपला भिवंडीचा मुलगा ज्या बोटीवर होता तिच्यावर कपडे शिवण्याचे काम करणारी, दूर पूर्वेकडच्या देशातली. नानांनी तिला विचारले की तुमच्यात लग्नात बायका काय गातात. ती लाजली, मग गायली. नंतर तिने विचारले, तुमच्यात? आगऱ्यांच्या लग्नात धवले गातात, आणि ते गाण्याचा मान धवलारणीचा. पुरुषाने गावे असा रिवाज नाही. पण नानांची आई धवलारीण होती. नानांनी डबा बाजूला सारला, डोळे मिटले आणि फुटक्या आवाजात हळदीचा धवला गायले. एक कडवे विसरले, तिथे गुणगुणले. ती बाई तिकडे रडत असल्याचे दुभाष्या मुलाने सांगितले. का रडते ते त्याला सांगता आले नाही, आणि नानांनी ते विचारलेही नाही.

तो भाग लागल्यावर गावातल्या नाक्यावर पोरेटोरे महिनाभर बायकी आवाजात गाऊन नानांची नक्कल करत होती. मी त्यांना म्हणालो की पुढे असे काही गाऊ नका. ते म्हणाले, "तिनं गायलं, मंग मी काय टाल्या वाजवू? ताट रिकामं परत द्यायचं न्हाय." पुढच्या वर्षभरात ते आणखी चार वेळा गायले.

ज्यांना वाटते की जगाचे मोठे प्रश्न नानांच्या आवाक्यात नव्हते, त्यांच्यासाठी दोन प्रसंग नोंदवतो. एक खलाशी होता. त्याच्या देशात लढाई चालू होती. माझ्या कागदावर महासत्तांच्या भूमिकेविषयी प्रश्न होता. नानांनी विचारले, घरी कोंबड्या आहेत का? तो म्हणाला, आहेत. आता त्यांना दाणे कोण घालतो? यावर तो माणूस बारा मिनिटे बोलला. घरचे सगळे सीमेपलीकडे गेले होते. ज्या शेजाऱ्याशी त्यांचे कुंपणावरून वर्षानुवर्षे भांडण होते, तो रोज कुंपण ओलांडून येऊन दाणे घालत होता. मी लढाईवर बरेच वाचले आहे. त्या कोंबड्यांइतके मला त्यातले काहीही कळलेले नाही.

दुसरा प्रसंग नानांवरच उलटलेला. प्रशांत महासागरातल्या एका लहानशा बेटावरचा खलाशी पाहुणा होता. त्याच्या आजोळचे घर समुद्राने गिळले होते. त्याने ते शांतपणे सांगितले. मीठ कुठून येते याचे उत्तर देऊन झाल्यावर त्याने उलट विचारले: तुमचे मिठागर आहे म्हणालात, ते अजून आहे?

नानांनी घास खाली ठेवला. "हाय तिथंच हाय. वर गोदाम हाय."

"पाण्याने नेले?" दुभाष्या मुलाने त्याचा प्रश्न पोहोचवला.

"न्हाय. मीच दिलं." आपांनी यंत्र बंद केले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग नाना म्हणाले, "त्याला सांग, तुमचं पान्यानं नेलं, त्यात तुमची चूक न्हाय. माझं तसं न्हाय."

त्या दिवशी नारळाच्या दुधातली मासळी त्यांनी केली होती. ती डब्यात तशीच राहिली. जिना उतरताना ते मला एवढेच म्हणाले की आज वयनींना डबा नको, चव बिघडली असेल. असे वाक्य कोणाच्या लेखणीतून उतरत असेल तर ती लेखणी मला दाखवावी.

आता स्मरणिकेतला तो 'कळस'.

त्या आठवड्यात ठरलेला पाहुणा गुरुवारी संध्याकाळी रद्द झाला. आपांनी लगेच मस्कतला आपल्या भाच्याला फोन केला. भाच्याने आपल्या घरमालकाला विचारले आणि तो तयार झाला. शुक्रवारी सकाळी अकराला ध्वनिमुद्रण झाले. हे सारे केंद्राच्या नोंदवहीत आपांच्या अक्षरात लिहिलेले आहे. कोणीही जाऊन पाहावे. घरमालक म्हणजे एक निवृत्त मच्छीमार, वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी मुंबईच्या बंदरात ये-जा होती, त्यामुळे त्याला हिंदी येत होते. मध्ये दुभाषा नव्हता. दोन म्हातारे समोरासमोर.

जेवणाचे झाले, मिठाचे झाले. बायको तीन वर्षांपूर्वी गेल्याचे आणि आपण एकटेच रांधत असल्याचे त्याने सांगितले. मग नानांनी जे विचारले ते स्मरणिकेत छापले आहे तसे मुळीच विचारलेले नाही. 'असे काय आहे जे अद्याप साधत नाही' हे माझ्यासारख्याचे मराठी झाले. स्मरणिकेच्या लेखकाने ते माझ्या अंगाबरहुकूम बेतले आहे. नानांचे शब्द ध्वनिफितीवर आहेत:

"बाई घरात नाय. तो उसके हात का क्या है, जो तुमको अबी बी नाय बनता?"

म्हाताऱ्याच्या मागे कुठेतरी दार वाजले. मग तो म्हणाला, "बनता सब है. मछली मैं अच्छी बनाता हूँ. लेकिन वो दूसरे कमरे में बैठे-बैठे बोलती थी, उतार दो. खुशबू से मालूम पड़ता था उसको. अब कोई बोलता नहीं. रोज़ थोड़ी जल जाती है."

नाना म्हणाले, "जली हुई खाते क्या?"

"हाँ, खाता हूँ."

"खाव," नाना म्हणाले. "फेंको मत."

एवढेच. त्यानंतर त्यांनी दुसरे काही विचारले नाही, आणि पाहुण्यालाही बोलायचे नव्हते. भाग ठरलेल्या वेळेच्या सहा मिनिटे आधी संपला. उरलेल्या वेळेत आपांनी काहीही भरले नाही. खिडकी उघडून गल्लीचा आवाज येऊ दिला.

परवा आपांचा फोन आला होता. संमतीचा कागद त्यांनाही ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, साइन कर दो. नाना होते तो खुद बोलते, लगा दो गुरुजी का नाम, क्या फ़रक पड़ता है." हे अगदी खरे आहे. नाना असेच म्हणाले असते आणि कागद चार घड्या घालून खिशात ठेवला असता. म्हणूनच मी सही करणार नाही. मी आयुष्यभर नावासाठी भांडलो आहे. शाळेत भांडलो, साहित्यमंडळात भांडलो, याच केंद्रात माझे भाषण दहा मिनिटांवर आणले तेव्हाही भांडलो. माझ्या हक्काचे मी कोणाला सोडले नाही. त्यामुळे कोणते माझ्या हक्काचे नाही, याविषयी माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नसावी.

कागदावर 'लेखन' हा शब्द मी खोडला आहे आणि 'प्रश्न' असे लिहून त्यापुढे नानांचे नाव घातले आहे. स्मरणिकेच्या लेखकाला आणखी पुरावा हवाच असेल, तर एक वस्तुस्थिती देतो. तिच्यापुढे वाद उरत नाही. मस्कतच्या म्हाताऱ्याला विचारलेला तो प्रश्न नानांना कोठे सापडला, हे मी जाणतो. त्या दिवसांत ते रोज संध्याकाळी टेमघरला येत, माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसत आणि ओट्यावर ऊतू गेलेले दूध न बोलता पुसून टाकत. त्या शुक्रवारी माझी पत्नी जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत मी एक अक्षरही लिहिलेले नव्हते.